विमानांची रांग लावायची कुठं?

नकाशावर बेंगळुरूपासून मुंबईपर्यंत पट्टी ठेवून सरळ रेघ ओढा. ती जवळजवळ सांगलीवरून आणि पुढं साताऱ्यावरून जाते. माझ्या पुतण्यानं गेल्या वर्षी सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या गच्चीवर एक छोटी अँटेना बसवली आणि पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर लॅपटॉपला जोडला. विमानं आपला ठावठिकाणा, उंची आणि वेग १०९० मेगाहर्ट्झवर सतत सांगत असतात, त्याला एडीएस-बी म्हणतात. रात्रीची जेवणं झाली की आम्ही काका-पुतणे ते ऐकत बसतो. मुंबईकडं निघालेलं विमान ३५ हजार फुटांच्या आसपास सांगली ओलांडतं आणि सातारा जवळ आला की उंचीचा आकडा उतरू लागतो. साताऱ्याहून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत २०० किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, आणि तेवढ्या उंचीवरून सावकाश खाली यायला विमानाला साधारण तेवढंच अंतर लागतं. म्हणजे मुंबईत उतरण्याची सुरुवात साताऱ्यावर होते.

विमान आमच्या अँटेनाच्या टप्प्याबाहेर गेलं की ते आम्ही फ्लाइटरडार या संकेतस्थळावर बघतो. काही रात्री ते उतरायचं सोडून वळतं, पुन्हा वळतं, आणि पडद्यावर लंबगोल उमटतो. एक फेरा चार-पाच मिनिटांचा. एका रात्री आम्ही सहा फेरे मोजले. सहाव्या फेऱ्याला पुतण्या म्हणाला, "काका, आत दीडशे-पावणेदोनशे माणसं असतील. आणि खाली त्यांची वाट बघणारी निराळीच."

हे फेरे किती महाग पडतात ते खुद्द नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं होतं. मुंबईवर विमानांना तेव्हा ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागत. विमान तासाला सरासरी दोन हजार किलो इंधन खातं असं धरलं, तर ४० मिनिटांत १.७ किलोलिटर इंधन जळतं, त्या वेळच्या भावानं सुमारे १.८ लाख रुपयांचं. तासभर फिरलं तर अडीच किलोलिटर आणि २.६ लाख रुपये. हा हिशेब एका विमानाचा आहे.

माणसांचा हिशेब या आकड्यांत येत नाही, म्हणून घरातली एक गोष्ट सांगतो. आमचं मूळ गाव विट्याकडचं. त्या भागातली निम्मी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यानं देशभर पांगलेली आहेत, आमचा थोरला चुलतभाऊ गुवाहाटीत असतो. काही वर्षांमागं पावसाळ्यात त्याचे वडील, तात्या, रात्री गेले. दादाला सकाळचं थेट मुंबईचं विमान मिळालं. अकराला उतरला असता आणि गाडीनं दिवस मावळायच्या आत गावात पोचला असता. मुंबईवर विमान फिरत राहिलं, वैमानिक गर्दीचं कारण सांगत राहिला, इंधन उतरलं तसं विमान अहमदाबादला गेलं. तिथून परत मुंबईला यायला दुपारचे साडेतीन झाले. इकडं अंगणात माणसं बसून होती. भावकीनं वाट बघायची तेवढी बघितली, आणि दिवस कलला तसा धाकट्यानं अग्नी दिला. दादा रात्री साडेदहाला आला तेव्हा दारात नुसती बुटं-चपला होत्या. यात कुणा एकाची चूक मला काढायची नाही. पण "गर्दी आहे" या दोन शब्दांवर आपण किती सहज गप्प बसतो, हे मला त्या दिवसापासून सलत आलं आहे.

कारण गर्दी ही काही पावसासारखी वरून पडत नाही. ती वेळापत्रकातून तयार होते, आणि वेळापत्रक कागदावर येण्याआधी संगणकावर हजार वेळा चालवून बघता येतं. जगात हे काम चाळीस वर्षं चाललं आहे. आपल्याकडं ते जास्त व्हावं, आधी व्हावं आणि त्याचे निष्कर्ष लोकांपुढं यावेत, असं माझं म्हणणं आहे. सांगली-सातारकरांनी ही मागणी इतर कुणाच्याही आधी करायला हवी. कारण आपल्याला विमानतळ हवे आहेत, आणि आपल्या विमानतळांचं भवितव्य मुंबईच्या रांगेत अडकलेलं आहे.

रांग म्हणजे काय हे उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. आमचा थोडा ऊस वाळवा तालुक्यात आहे. मी लहान असताना हंगामात वडिलांबरोबर गाडीवर बसून कारखान्याच्या अड्ड्यात जायचो. शंभर-दीडशे गाड्या पुढं उभ्या असत. काट्यावर वजन, मग गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, रिकामी, मग परत काटा. बैल सोडून बांधलेले, माणसं गाडीखाली घोंगडं अंथरून झोपलेली, आणि वर तोडलेला ऊस वाळत चाललेला. तोडलेला ऊस उन्हात राहिला की वजन घटतं आणि साखरेचा उताराही घटतो. शेतकऱ्याचा तोटा, कारखान्याचाही तोटा. वडील म्हणायचे, नंबर लागणार नसेल तर ऊस फडातच उभा बरा. पुढं कारखान्यांनी शेती खात्यामार्फत तोडणीचा कार्यक्रम घट्ट केला. यार्डात किती गाड्या आहेत आणि गव्हाण तासाला किती ओढते हे बघून तोडणीची चिठ्ठी निघू लागली. रांग गेली नाही. ती अड्ड्यातून उठून फडात गेली, जिथं उभं राहायला खर्च नाही.

विमानांच्या बाबतीतही नेमका हाच विचार आहे. मुंबईत नंबर लागणार नसेल तर विमान गुवाहाटीतच, इंजिन बंद करून, उभं ठेवायचं. ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेत हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप झाला, अध्यक्ष रेगन यांनी अकरा हजारांवर नियंत्रकांना कामावरून काढलं आणि उरलेल्या माणसांवर भार पडला. तेव्हा जमिनीवर रोखून धरण्याचा हा मार्ग तिथं मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. १९८७ मध्ये एमआयटीचे अमेदेओ ओडोनी यांनी तो गणिताचा प्रश्न म्हणून मांडला: कुठलं विमान, कुठं, किती वेळ थांबवलं म्हणजे एकूण नुकसान सगळ्यात कमी होईल? दिसायला सोपा, सोडवायला महाकठीण. कारण संध्याकाळी मुंबईवर ढग किती दाटतील हे सकाळी कुणालाच ठाऊक नसतं. जास्त विमानं रोखली आणि आभाळ मोकळं झालं, तर धावपट्टी रिकामी जाते. कमी रोखली, तर घिरट्या. अंदाज चुकण्याची किंमत दोन्हीकडं आहे, म्हणून एकच अंदाज धरून भागत नाही. शेकडो शक्यता चालवून बघाव्या लागतात, आणि इथंच सिम्युलेशन लागतं.

सिम्युलेशन म्हणजे तो दिवस संगणकावर आधीच जगून बघणं. मुंबईचा एक दिवस घ्यायचा. कुठलं विमान कधी येणार, कधी सुटणार याची यादी मांडायची. मग खऱ्या नोंदींवरून प्रत्येकाला खरा स्वभाव द्यायचा. कुणी धावपट्टी पन्नास सेकंदांत सोडतं, कुणी सत्तर घेतं. एखादं दिल्लीहूनच वीस मिनिटं उशिरा निघतं, एखाद्याला टेकता टेकता परत वर जावं लागतं. मोठ्या विमानामागं हवेत भोवरे राहतात, म्हणून त्याच्या मागच्या लहान विमानाला जास्त अंतर द्यावं लागतं. एवढं घालून तो दिवस हजार वेळा चालवायचा. दर वेळी फासे निराळे पडतात. हजार दिवसांतले सहाशे बरे गेले, तीनशे रखडले आणि शंभर कोलमडले, तर ते शंभर दिवस कशानं कोलमडले हे उघडून बघता येतं. या पद्धतीची कल्पना गणिती स्टॅनिस्लाव उलाम यांना १९४६ मध्ये आजारपणातून उठताना पत्त्यांचा एकट्यानं खेळायचा डाव मांडत असताना सुचली. डाव सुटण्याची शक्यता सूत्रानं काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजणं सोपं, असं त्यांच्या लक्षात आलं.

मुंबईला याची इतकी गरज का, ते रांगेच्या गणितातून कळतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. म्हणून दोन असूनही त्या एकीसारख्याच वापराव्या लागतात. गर्दीच्या तासाला तिथं ४६ विमानांची ये-जा होत असे, म्हणजे दर ७८ सेकंदांना एक. आता कारखान्याचा काटा डोळ्यांपुढं आणा. एका गाडीला सरासरी पाच मिनिटं लागतात, गाड्या मात्र कशाही, अवेळी येतात. काटा निम्मा वेळ गुंतलेला असेल तर गाडीला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. ऐंशी टक्के गुंतला तर वीस मिनिटं. नव्वद टक्क्यांना पंचेचाळीस. आणि पंच्याण्णव टक्क्यांना पंच्याण्णव मिनिटं! नव्वदवरून पंच्याण्णववर जाताना काम फक्त साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढलं, थांबणं दुपटीहून जास्त झालं. डेन्मार्कचे एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या खोळंब्यावर जे गणित मांडलं, त्यातून वाढलेल्या शास्त्राचा हा अगदी साधा निष्कर्ष आहे. विमानांना वेळापत्रक असतं, त्यामुळं तिथले आकडे इतके तीव्र नसतील. पण वक्राची चाल तीच. काठोकाठ भरलेल्या धावपट्टीवर एक जास्तीचं विमान स्वतःपुरता उशीर आणत नाही, ते मागच्या सगळ्यांना ढकलतं, आणि सकाळचा उशीर रात्रीपर्यंत वाहत जातो.

म्हणून २०२४ च्या सुरुवातीला मुंबईतली विमानं गर्दीच्या तासाला ४६ वरून ४४ वर आणि इतर वेळी ४४ वरून ४२ वर आणण्याचा, शिवाय गर्दीच्या वेळात खासगी जेट रोखण्याचा निर्णय झाला तो मला योग्य वाटतो. तेव्हा बरीच ओरड झाली. भाडी वाढतील, तासाला दोन विमानं कमी करून काय साधणार, असं म्हटलं गेलं. वरचा काटा बघा म्हणजे दोन विमानांनी काय साधतं ते दिसेल. माझा आक्षेप आहे तो निराळा. ४४ का? ४५ का नाही, ४३ का नाही? पावसाळ्यात किती आणि डिसेंबरात किती? एका आकड्यानं किती घिरट्या वाचतात आणि त्याबदल्यात किती आसनं कमी होतात, हा तक्ता प्रवाशापुढं ठेवला पाहिजे. धरणातून किती क्युसेक सोडले ते आपल्याला तासातासाला कळतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हापासून सांगलीतला भाजीवालासुद्धा कोयनेचा विसर्ग आणि अलमट्टी धरणाची फूग यावर आकडे घेऊन बोलतो. पाण्याच्या वाटचालीचं गणित लोकांपुढं आलं, म्हणून लोक शहाणपणानं भांडू लागले. विमानांच्या गणितावरही असंच भांडता आलं पाहिजे.

बाहेरच्या देशांत या संशोधनातून काय निघालं, त्यातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते लंडनच्या हीथ्रोचं. तिथं समोरून जोराचा वारा असला की विमानं जमिनीच्या हिशेबानं सावकाश पुढं सरकत. दोन विमानांमधलं अंतर मैलांत ठरलेलं, त्यामुळं तेच अंतर कापायला जास्त वेळ लागे आणि तासाला कमी विमानं उतरत. संशोधकांनी लेझरच्या उपकरणांनी दीड लाखावर विमानांमागचे भोवरे मोजले. समोरच्या वाऱ्यात भोवरे लवकर विरतात हे दिसलं. मग संगणकावर आणि नियंत्रकांना बसवून सरावकक्षात चाचण्या झाल्या, आणि २०१५ पासून तिथं अंतर मैलांऐवजी सेकंदांत राखू लागले. एक वीट न लावता वाऱ्याच्या दिवसांतला बराचसा उशीर गेला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी दुसरी गोष्ट सुरू केली. हीथ्रोवर रांग दिसू लागली की साडेतीनशे सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे साडेसहाशे किलोमीटरवर, असलेल्या विमानालाच वेग जरा कमी करायला सांगायचं. तासाभराच्या वाटेत वेग पाच टक्के उतरवला तर तीन मिनिटं जिरतात. उंचावर, कमी वेगात जिरवलेली तीन मिनिटं खाली घातलेल्या फेऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

मुंबईपासून साडेतीनशे सागरी मैल म्हणजे सांगलीच्याही बरंच पलीकडं.

अमेरिकेत नासाच्या एम्स केंद्रात बनावर श्रीधर, कार्ल बिलिमोरिया यांच्यासारख्या संशोधकांनी 'फॅसेट' नावाची प्रणाली उभी केली. त्या देशावर एका वेळी असलेल्या हजारो विमानांच्या वाटा ती पुढं चालवून दाखवते. शार्लटच्या विमानतळावर २०१७ ते २०२१ या काळात नासानं आणखी साधी गोष्ट करून दाखवली: सुटणाऱ्या विमानाला धावपट्टीच्या तोंडाशी इंजिन चालू ठेवून उभं न करता, नंबर येईपर्यंत गेटवरच थांबवायचं.

आपल्याकडं काहीच नाही असं नव्हे. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं वाहतूक प्रवाह व्यवस्थापनाचं केंद्र दिल्लीत आहे, आणि मुंबईत जागा नसेल तर विमानाला निघण्याची ठरावीक वेळ तिथून दिली जाते. कोल्हापुरात आभाळ निरभ्र असताना विमान का सोडत नाहीत म्हणून प्रवासी चिडतात, त्यामागं बऱ्याचदा हे असतं. ऊस फडात उभा आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. सांगितलं तर निम्मा राग तिथंच उतरेल.

"एवढा खटाटोप कशाला, नवी मुंबईचा विमानतळ झाला ना?" हा प्रश्न मला हमखास विचारतात. झाला, आणि फार चांगलं झालं. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडू लागली. पण दोन विमानतळांत सरळ रेषेत अंतर २५ किलोमीटरच्या आसपास आहे. विमानाला हे काहीच नाही. एकाची उतरायची वाट आणि दुसऱ्याची चढायची वाट एकाच आभाळातून काढायची आहे, शेजारी पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं. कुठल्या दिशेचं विमान कुठल्या विमानतळाला द्यायचं, वारा फिरला की दोन्हीकडच्या वाटा एकदम कशा फिरवायच्या, हे काँक्रीट ठरवत नाही. नवीन गव्हाण बसवली आणि यार्डात यायचा रस्ता तोच ठेवला, तर कोंडी फाटकावर होते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. संगणकात जे घालाल तेच बाहेर येणार. आपल्याकडच्या उशिराच्या नोंदी धड आहेत का? नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला मोठ्या विमानतळांवरचा वेळेवर असण्याचा टक्का जाहीर करतं, आणि पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेवरच धरला जातो. पण वेळ मोजायची ती वेळापत्रकाशी. तिकिटावरचा प्रवासाचा वेळच वाढवत नेला, तर आकाशात फेरा घालूनही विमान "वेळेवर" उतरतं. त्यामुळं या टक्क्यावर विसंबून केलेलं सिम्युलेशन फसेल. लागतात त्या कच्च्या नोंदी: प्रत्येक विमान गेटवरून कधी हललं, चाकं कधी उचलली, किती फेरे घातले, चाकं कधी टेकली. विमानतळाच्या यंत्रणेत या वेळा असतातच. त्या प्रवाशांची नावं-गावं न देता खुल्या कराव्यात, एवढीच मागणी आहे.

आणि एक भीती माझी स्वतःची आहे. हे हत्यार उलट्या हातानंही वापरता येतं. संगणकानं ४८ शक्य आहेत म्हणून सांगितलं की ४८ भरायचे, असा मोह व्यवस्थापनाला होणारच. संगणकाला तहान लागत नाही, त्याचे डोळे जड होत नाहीत. पावसाळी रात्री काचेपलीकडं काही दिसत नसताना कानाला हेडफोन लावून प्रत्येक मिनिटाला निर्णय घेणारा नियंत्रक माणूस आहे. त्याची पाळी, त्याची विश्रांती आणि दोन विमानांतलं सुरक्षित अंतर या गोष्टी अगोदर पक्क्या करून मगच बाकीचे आकडे हलवायचे. आणि अशा प्रत्येक अभ्यासात नियंत्रक पहिल्या दिवसापासून बसलेले हवेत. शेवटी सही करायला बोलावून उपयोग नाही.

आता आपल्या दाराशी येतो. कवलापूरला विमानतळ व्हावा ही सांगलीची जुनी मागणी, आणि कराडच्या छोट्या धावपट्टीवरून प्रवासी विमान उडावं असं सातारकरांना वाटतं. मलाही वाटतं. पण आपण मागणी करतो ती जमिनीची, लांबी-रुंदीची, निधीची. तिथून उडालेलं विमान उतरणार कुठं? बहुतेकांच्या मनात उत्तर एकच, मुंबई. कवलापूरहून सत्तर माणसं घेऊन निघालेलं विमान मुंबईच्या धावपट्टीवर एक नंबर खातं, आणि दिल्लीहून एकशेऐंशी माणसं घेऊन आलेलंही एकच नंबर खातं. नंबर दुर्मीळ झाला की तो कुणाला जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. कोल्हापूर-मुंबई विमानाचे वार आणि वेळा किती वेळा बदलल्या ते कोल्हापूरकरांना विचारा. धावपट्टी बांधली आणि मुंबईत सोयीची वेळ मिळाली नाही, तर आपल्या हाती डांबराचा पट्टा उरेल.

म्हणून लोकप्रतिनिधींना निवेदन देताना त्यात एक कलम घाला. मुंबई, नवी मुंबई आणि पुणे या तिन्हींचं एकत्र सिम्युलेशन करून दाखवा, त्यात कवलापूर आणि कराडची विमानं धरा, आणि सकाळी सात ते नऊ या वेळात आम्हाला कुठं, किती जागा मिळेल ते लेखी द्या. कदाचित उत्तर येईल की नवी मुंबईला मिळेल. कदाचित असंही येईल की कोल्हापूरचा रस्ता आणि तिथल्या फेऱ्या वाढवणं जास्त लाभाचं. तेही कळू दे. खर्चाच्या आधी कळलेलं वाईट उत्तर नंतरच्या पश्चात्तापापेक्षा बरं.

या कामासाठी सगळं दिल्लीवर सोडायचंही कारण नाही. सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे, कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठानं 'ब्लूस्काय' नावाचं हवाई वाहतुकीचं सिम्युलेशन खुलं आणि फुकट ठेवलं आहे, 'ओपनस्काय'वर संशोधनासाठी विमानांच्या नोंदी मिळतात. शेवटच्या वर्षाच्या चार मुलांना एका हंगामाचा प्रकल्प म्हणून हे सहज पेलेल.

पुतण्यानं गच्चीवरच्या नोंदी साठवून ठेवल्या आहेत, त्यात मागच्या पावसाळ्याचे महिने आहेत. मुंबईवर फेरे पडलेल्या रात्री शोधून आम्ही त्या-त्या विमानांचे सांगलीवरचे वेग काढले आणि शेजारी मोकळ्या रात्रींचे लिहिले. दोन रकान्यांत फारसा फरक नाही. पुढं अर्ध्या तासावर जागा नाही हे ठरलेलं असतानाही त्यातली बहुतेक विमानं आमच्या गच्चीवरून रोजच्याच वेगानं गेली होती.